येसाजीनं पारखून आणलेली मशीन

येसाजीला पारख होती. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, आणि ज्याला ठाऊक नसेल त्याला येसाजी स्वतः सांगत असे! बैलाच्या पाठीवर एक थाप मारली की तो चिखलणीला किती दिवस टिकेल, हे तो बोलून दाखवायचा. फणसाला कान लावून आतला गरा कापा की बरका ते सांगायचा. खालापूरपासून चौक गावापर्यंत कुणालाही बैलजोडी घ्यायची झाली की लोक येसाजीला पुढं घालून बाजारात नेत. या मानापानानं त्याची मान अशी काही ताठ झाली होती, की ती जेवतानासुद्धा वाकत नसे. त्यामुळं त्याच्या प्रत्येक सदऱ्यावर आमटीचा एक ओघळ कायमचा वस्तीला असे.

तर अशा या येसाजीनं सन एकतीसच्या चैत्रात भर चावडीवर जाहीर करून टाकलं, "मी मशीन आननार! गोधड्या शिवायची!"

चावडीवर चिलीम फिरत होती ती जागच्या जागी थांबली. गावात तोवर मशीन कुणीही आणली नव्हती. शेजारचा पदू म्हणाला, "पन दादा, मशिनीतलं तुमाला काय कळतं?"

"बैलाला चार पाय असतात. मशिनीलाबी चार पाय असतात. आनखी काय कळायला पायजे रं?"

यावर पदूला काही सुचलं नाही. येसाजीशी बोलताना पदूला नेहमी घरी गेल्यावर सुचत असे.

खरं कारण मात्र येसाजीनं चावडीवर सांगितलं नव्हतं. ते घरात होतं. त्याच्या चिमाचं लग्न ठरलं होतं, कशेळ्याच्या धाऊच्या मुलाशी, वैशाखात. लेकीनं सासरी जाताना पाच गोधड्या न्यायच्या, आणि त्यांना माहेरच्या घरचाच हात लागलेला असायचा, ही तिकडची रीत. शेजारणीचा एक टाकाही त्यात चालत नाही. येसाजीच्या बायकोनं, जिजानं, तीन गोधड्या पुऱ्या केल्या. चौथी अंथरली, कच्चे टाके घातले, आणि सुई शिरून तिचं उजव्या हाताचं बोट पिकलं. असं पिकलं की बोटाचं वांगं झालं! वैद्यानं लेप लावून बजावलं, महिनाभर सुई धरायची नाही. लग्न बावीस दिवसांवर होतं. आणि चिमाची शिवण म्हणाल तर बापाच्या सदऱ्याचं बटणसुद्धा तिनं लावलं की दुपारपर्यंत पडायचं.

जिजा रडली नाही. पण रोज दुपारी ती चौथी गोधडी उलगडायची, डाव्या हातानं दोन टाके घालायची, ते वाकडे आले की उसवायची, आणि पुन्हा गुंडाळून ठेवायची. येसाजी ओसरीवरून बघत असे. 'मला तुझा हात बघवत नाही गं,' एवढं म्हणायचं होतं त्याला. पण पंचवीस वर्षांच्या संसारात असलं वाक्य त्यानं कधी उच्चारलं नव्हतं, आता कुठून आणणार? म्हणून मग चावडीवर जाऊन त्यानं मशीन जाहीर केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी जुंपली. जिजा नदीवर गेली आहे असं बघून येसाजीनं गोधड्यांच्या चळतीतली सगळ्यात जाड गोधडी काढली आणि गोणपाटात गुंडाळून गाडीत टाकली.

"ही कशाला?" पदूनं विचारलं.

"बैल घेताना ओझं लावून बघतोस का नाय? मग मशिनीलाबी ओझं लावून बघायचं! दुकानदार चिंधी घालून दावतो. चिंधीवर कुनीबी चालंल!"

हे मात्र पदूला पटलं. खरं सांगायचं तर तुम्हाला-मला पण पटलं असतं.

कर्जतच्या बाजारपेठेत मोहियुद्दीनशेठचं दुकान होतं. दोऱ्याची रिळं, बटणं, अस्तराची कापडं, आणि आतल्या बाजूला विकायला ठेवलेल्या तीन मशिनी. दुकानाच्या ओट्यावर शकूर शिंपी बसे. गिऱ्हाइकाला मशीन चालवून दाखवायची ती त्यानंच.

"या येसाजीभाऊ, या! आज बैलबाजार सोडून आमच्याकडं कसे?"

"मशीन बघायची. पन मी माझ्या पद्धतीनं बघनार!"

"बघा की. दुकान तुमचंच."

आणि येसाजी बघू लागला. पहिली हातमशीन होती, छोटी, काळीभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. येसाजी तिच्याभोवती दोनदा फिरला. मागून थाप मारली. वाकून पोटाखाली बघितलं. मग म्हणाला, "दात दावा."

शकूरनं सुईखालची पट्टी सरकवून कापड पुढं ओढणारे दात दाखवले. येसाजीनं त्यावरून बोट फिरवलं आणि बैलाचं वय सांगावं तसं पदूकडं वळून म्हणाला, "अदंत नाय. जुळलेली हाय." पदूनं मान डोलावली. शकूरनं शेठकडं बघितलं. शेठनं डोळ्यांनीच सांगितलं, चालू दे.

येसाजीनं गोणपाट सोडलं. शकूरनं गोधडीच्या एका बाजूची गुंडाळी करून मशिनीच्या हाताखाली घातली आणि चाक फिरवलं. टकटकटकटक! जिजाला दोन दिवस लागायचे ते काम भरभर सरकू लागलं. हातभर गेली, दीड हात गेली, आणि गोधडीच्या मध्याशी आल्यावर — कट्! सुईचे दोन तुकडे!

"पानी नाय हिच्यात," येसाजी म्हणाला.

"सुई जुनी असंल," शकूर पुटपुटला. त्यानं नवी सुई लावली, कडेपासून पुन्हा सुरुवात केली. टकटकटकटक… मध्यावर आली आणि कट्!

"बसली!" येसाजी ओरडला. "बैल चढावर बसतो तशी बसली! दुसरी काढा!"

दुसरी पायमशीन होती. मोहियुद्दीनशेठची लाडकी. तिच्याबद्दल बोलताना शेठचा आवाज हळू होई. "येसाजीभाऊ, हिच्यावर मी सतरंजी शिवून दाखवलीय. तुमची गोधडी म्हंजे काहीच नाय." शकूरनं पाय चालवला. मशीन अशी गुळगुळीत धावली की रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघू लागली. मध्य आला. कट्! सुई उडून शेठच्या टोपीत रुतली.

बघ्यांत हशा पिकला. आता दुकानापुढं वीसेक माणसं जमली होती. कुणी म्हणे गोधडी भारलेली आहे. कुणी म्हणे मशीन विलायती, तिला आपली लुगडी कशी पचणार? शकूरनं गोधडी हातात घेतली, मधल्या जागेवरून अंगठा फिरवला, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दोन्ही गेल्या!" येसाजीनं बघ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "दिसायला देखन्या, पन कामाला येनार नायत! शेठ, ही तिसरी कसली?"

कोपऱ्यात पोत्यांखाली काहीतरी होतं. शेठ घाईनं म्हणाला, "ती नको. ती घरगुती नाय. रेल्वेच्या ठेकेदाराकडून आलीय, ताडपत्र्या शिवायची. तिचं तुमाला काय काम?"

नको म्हटलेला बैल येसाजीनं आजवर कधी सोडला नव्हता. पोती बाजूला झाली. आतून जे निघालं त्याला मशीन म्हणणं म्हणजे रेड्याला कोकरू म्हणणं! बिडाचे पाय मांडीएवढे, सुई म्हणजे दाभण. येसाजीनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि त्याचाच हात झिणझिणला. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते चिमाच्या जन्माच्या वेळीही पसरलं नव्हतं.

"घाला गोधडी!"

शकूरला दोन्ही पायांनी जोर लावावा लागला. धाड, धाड, धाड! ओटा हादरला, रिळं फळीवरून खाली आली. मध्य आला. फट्! असा एक आवाज झाला, आणि मशीन तशीच पुढं गेली, दुसऱ्या टोकापर्यंत!

"बघितलंत?" येसाजी गर्दीकडं वळला. "याला म्हंतात पारख!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. येसाजीनं सौद्यासाठी रीतीप्रमाणं हातावर उपरणं टाकलं, म्हणजे त्याखाली बोटं धरून भाव ठरवता येईल. मोहियुद्दीनशेठला ही बैलबाजारातली रीत माहीत नव्हती. त्यानं उपरण्याखाली हात घालून येसाजीचा हात प्रेमानं हलवला. तेवढ्यावर सौदा ठरला.

सहा माणसांनी मशीन गाडीत चढवली. बैलांनी मागं वळून एकदा मशिनीकडं आणि एकदा येसाजीकडं बघितलं, ते काही चांगल्या नजरेनं नाही.

गावात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मशिनीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, अख्खं गाव अंगणात गोळा झालं. जिजा हाताला फडकं बांधून दारात उभी होती. मशीन बघून तिनं पदर तोंडाला लावला. "अवो, ही गोधडी शिवनार का गोधडी खानार?"

"तू बघ फकस्त! आन ती चौथी हिकडं!"

चौथी गोधडी मशिनीवर गेली. तिच्या वरच्या थराला जिजाच्या स्वतःच्या लग्नातलं हिरवं लुगडं होतं, वापरून वापरून सायीसारखं मऊ झालेलं. येसाजीनं दोन्ही पाय पट्टीवर ठेवले आणि जोर लावला. धाड! धाड! धाड! दाभणानं लुगड्याला पहिलं भोक पाडलं, मग दुसरं, मग विसावं. एकेक टाका बोटाएवढा, आणि एकेका भोकातून जोंधळ्याचा दाणा जाईल! चारच हातांत हिरव्या लुगड्याची चाळण झाली.

"थांबा! अवो थांबा!" जिजा ओरडली.

थांबायचं कसं, हे येसाजीनं कर्जतात विचारलंच नव्हतं. बैल थांबवायला तो 'हो हो' करत असे, तसंच त्यानं मशिनीला 'हो हो' केलं. पायांना मात्र वाटलं, हे हाकायचंच चाललंय! ते आणखी जोरात चालले. खांद्यावरच्या उपरण्याचं टोक सुईखाली गेलं, त्याच्या मागोमाग येसाजी वाकला, आणि मशीन जेव्हा एकदाची अडून थांबली तेव्हा येसाजी मानेपाशी गोधडीला शिवला गेलेला होता. पदूनं आणि आणखी दोघांनी उपरणं कापून त्याला सोडवला. माणसं हसून हसून अंगणात बसली. चिमा तर हसत हसत गोठ्यातच पळाली.

फक्त जिजा हसली नाही. नवऱ्यानं कर्जतला नेऊन आणलेली जाड गोधडी तिनं गोणपाटातून काढली होती आणि तिच्या मधोमध ती डाव्या हातानं चाचपत होती. तिचा चेहरा उतरला.

"सगळी जनं घरी जावा," ती म्हणाली. अशा आवाजात म्हणाली की सगळी गेली. पदूसुद्धा गेला.

मग तिनं येसाजीला आत नेलं आणि दार लोटलं.

"हिचं पोट तुमी फोडलंत?"

"कसलं पोट?"

जिजानं गोधडी मांडीवर घेतली. मग हळूच सांगू लागली. गोधडी पुरी करताना मधोमध, आतल्या थरात, बायका एक जागा ठेवतात. तिला गोधडीचं पोट म्हणतात. त्यात भाकरीचा तुकडा, गुळाचा खडा आणि एक अख्खी सुपारी घालून वरून टाके मारतात. जी लेक ती गोधडी पांघरेल तिचं पोट सासरी कधी रिकामं राहू नये म्हणून. मात्र हे पुरुषाला सांगायचं नसतं. पुरुषाच्या तोंडून चारचौघांत बाहेर पडलं, की त्याचं फळ गेलं!

"माज्या आईनं मला सांगितलं, तिच्या आईनं तिला. पंचवीस वर्सं तुमी माज्या माहेरच्या गोधडीत झोपताय, कधी कळलं का तुमाला?"

येसाजीला कळलं नव्हतं. गोधडीत काहीतरी टोचतं एवढं त्याला पंचवीस वर्षं वाटत होतं, पण ते तो आपल्या वयावर घालत होता. त्याच्या डोळ्यांपुढून कर्जतच्या दोन्ही मशिनी गेल्या. बिचाऱ्या गुणी मशिनी! जीव तोडून धावल्या, आणि त्यानं त्यांना भर पेठेत सुपारी फोडायला लावून वर नावं ठेवली.

"सुपारीचा भुगा झालाय," जिजा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "चिमासाठी घातली होती वो मी."

येसाजी खाली बसला. मग जे त्याला चावडीवर बोलता आलं नव्हतं, ओसरीवरून बोलता आलं नव्हतं, ते त्याच्या तोंडून एकदाचं निघालं. "मला तुझा हात बघवत नव्हता गं. म्हनून गेलो."

जिजानं डोळे पुसले. "तर मग आदी विचारायचं तरी!" ती म्हणाली, पण आवाज आता तसा राहिला नव्हता. "पोट मी पुन्ना भरते. लुगड्याला ठिगळं लावू. गोधडीला ठिगळाची कसली लाज? ह्ये धूड परत द्या आनि शानी मशीन आना. आनि कुनाला काय बोलाल तर बघा!"

"चिमाची आन. नाय बोलनार."

शपथ घेणं सोपं होतं. पण परत कर्जतला जाऊन सांगायचं काय? सहा माणसांना उतरवायला लावून, त्याच पेठेत, त्याच गर्दीपुढं, 'ती पायमशीन द्या,' कसं म्हणायचं?

तरी दुसऱ्याच दिवशी गाडी पुन्हा कर्जतला गेली. "का वो येसाजीभाऊ?" मोहियुद्दीनशेठनं विचारलं. "हिच्यात काय खोट निघाली?"

"खोट नाय. आमचे बैल भितात तिला."

"मशीन घरात आणि बैल गोठ्यात ना?"

"आवाज जातो."

शेठ भला माणूस. त्यानं पुढं विचारलं नाही, मशीन बदलून दिली. पायमशीन गाडीत चढवताना शकूर मात्र येसाजीच्या कानाशी आला. गेल्या खेपेला झाडताना त्याला ताडपत्रीच्या मशिनीखाली सुपारीचं खांड मिळालं होतं. घरी त्यानं बायकोला, खतीजाला, सहज विचारलं. खतीजानं त्याच्याकडं असं बघितलं की तो तेव्हापासून गप्प होता. आता तो एवढंच म्हणाला, "भाऊ, मधाशी आला की पाय आवर. बाकी आपल्याला काय ठाव नाय." आणि गंभीर चेहऱ्यानं सुया मोजायला निघून गेला.

घरी मशीन चालवणार कोण, हा प्रश्नच नव्हता. घरचाच हात पाहिजे. जिजाचा चालत नव्हता, चिमाचा कधीच चालला नव्हता. तेव्हा बैल पारखणारा येसाजी रोज सकाळी ओसरीवर मशिनीपुढं बसू लागला! जिजा थर लावून द्यायची, 'सावकाश, सावकाश,' म्हणायची. पहिले दोन दिवस शिवण नदीसारखी वळत गेली, तिसऱ्या दिवशी सरळ झाली. रस्त्यानं जाणारे मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येत. "काय दादा, पोलकं शिवून देनार का?" असं पदू रोज विचारी. कधी नव्हे ते त्याला जागच्या जागी सुचू लागलं होतं!

मध्याशी शिवण आली की जिजा म्हणे, "जरा बाहेर जावा." येसाजी उठून अंगणात जाई, गोठ्याकडं तोंड करून उभा राही, आणि आतून हाक आली की परत येऊन बसे. तळहाताएवढी जागा सोडून तो चहूबाजूंनी शिवण नेई. तिथं जिजा डाव्या हातानं चार वाकडे टाके घाली. ते वाकडे टाके त्याला आता फार आवडू लागले होते.

लग्नाच्या चार दिवस आधी पाचवी गोधडी पुरी झाली.

लग्नात मांडवामध्ये पाचही गोधड्या मांडून ठेवल्या. व्याही धाऊ रुंद छातीचा, मोठ्या आवाजाचा, स्वतःला सगळ्यातलं सगळं कळतं असं मानणारा माणूस. म्हणजे थोडक्यात दुसरा येसाजीच! तो मशिनीवरच्या पाचव्या गोधडीवर वाकला. मशिनीची शिवण बघून त्याच्या भुवया वर गेल्या, "वा!" मग त्याचं बोट मधोमध आलं आणि थांबलं.

"व्याही, ह्ये काय? सगळीकडं मशीन, आनि मधीच हाताचे टाके? तेबी वाकडे?"

माजघराच्या दारात जिजाचा हात पदरावर घट्ट झाला. धाऊची बायकोही एकाएकी जमिनीकडं बघू लागली. मांडवातल्या यच्चयावत बायका जमिनीकडं बघू लागल्या.

येसाजीच्या जिभेवर दहा उत्तरं आली. एकाहून एक झकास! त्यानं चिमाकडं बघितलं, मुंडावळ्या बांधून खाली मान घालून बसलेल्या. दहाही उत्तरं त्यानं गिळली.

"मशीन तिथं चालली नाय," तो म्हणाला.

"चालली नाय?" धाऊ मांडवभर ऐकू जाईल असा हसला. "म्हंजे निवडताना गंडलात म्हना की! आमी तर आयकलं होतं, तुमची पारख लई मोठी!"

"गंडलो," येसाजी म्हणाला.

मांडवात हशा उसळला. सगळ्यांत मोठा पदू हसला. माजघराच्या दारातली जिजा मात्र नवऱ्याकडं असं बघत होती, जसं तिनं पंचवीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

धाऊनं येसाजीच्या पाठीवर थाप मारली, बैलाला मारतात तशी. "आवो, गोधडीची पारख काय बैलावानी नसती! मला इचारायचं. चाळीस वर्सं गोधडी पांघरतोय, तिच्या आत काय असतं नि काय नसतं, समदं मला ठावं हाय! पुढल्या खेपंला मला बोलवा, मी निवडून देतो."

बायकांच्या घोळक्यात कुणाला तरी ठसका लागला. मग दुसरीला लागला. मग धाऊच्या बायकोला असा लागला की तिला पाणी द्यावं लागलं.

"बरं," येसाजी म्हणाला, "तुमालाच बोलावतो." आणि पंगतीला पानं मांडायला निघून गेला.